जुनी जर्मन एसयूव्ही: किंमत निम्म्याच्या निम्मी, पार्ट मात्र पूर्ण भावाचे

नवी असताना नाशिकमध्ये ऑन-रोड 75 लाखांच्या घरात जाणारी 2014 सालची एक जर्मन एसयूव्ही मी 2023 मध्ये साडेसतरा लाखांना घेतली. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या चाकांना एअर सस्पेन्शन, डोक्यावर मोठं काचेचं सनरूफ. घेतली तेव्हा मीटरवर 78 हजार किलोमीटर होते, आज 1 लाख 20 हजारांच्या पुढे गेलेत. डिझेल, विमा आणि वर्षाची नेहमीची सर्व्हिसिंग बाजूला ठेवली तर आजवर दुरुस्तीला 5 लाख 25 हजार लागले. म्हणजे खरेदीच्या 30 टक्के. हा आकडा सुरुवातीलाच सांगते, कारण जाहिरातीत गाडीचा भाव दिसतो, हा आकडा कुठेच दिसत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी जे खर्च सांगणार आहे ते गाडीच्या वयाचे आहेत. आमच्या गॅरेजमध्ये शेजारच्या लिफ्टवर दुसऱ्या बिल्ल्याची गाडी असते, तिसऱ्या लिफ्टवर तिसऱ्या, आणि तिघींच्या बिलांवर रबर, प्लॅस्टिक आणि पॅकिंग हेच तीन शब्द असतात.

मी करसल्लागार आहे. आमच्या हिशेबात मोटारीवर वर्षाला 15 टक्के घसारा धरतात, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. 75 लाखांवर नऊ वर्षं असा घसारा लावला की 17 लाख 37 हजार उरतात. सौदा जवळपास तिथेच झाला, याचं मला तेव्हाही नवल वाटलं नव्हतं. घसरते ती फक्त गाडीची किंमत. तिच्या पार्टला घसारा नसतो. साडेसतरा लाखांच्या गाडीला लागणारा कॉम्प्रेसर हा 75 लाखांच्या गाडीचाच कॉम्प्रेसर असतो, आणि मधल्या वर्षांत त्याचा भाव वाढलेला असतो. जुन्या लक्झरी गाडीचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे.

नागपूरला फोन करून बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हत्ती घेतेस, चाऱ्याचं काय?" चाऱ्याची सोय मी आधी केली होती. गाडीच्या किमतीच्या 20 टक्के, म्हणजे साडेतीन लाख, वेगळ्या खात्यात टाकले आणि त्यात दरमहा 10 हजार भरायला सुरुवात केली. माझ्या दृष्टीने ही गाडी पहिल्या दिवसापासून 21 लाखांची होती. 21 लाखांत नवी, वॉरंटीवाली, चांगली एसयूव्ही मिळते हेही मला ठाऊक होतं. तरी हीच का, ते पुढे सांगते.

आधी पार्ट इतके महाग का, ते. लोकांना वाटतं, गाड्या तर इथेच बनतात. मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईला. ते खरं आहे, पण तिथे मुख्यतः बाहेरून आलेले सुटे भाग जोडून गाडी उभी होते. दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा एखादा सेन्सर किंवा एअर सस्पेन्शनचा रबरी बलून आजही परदेशातूनच येतो. त्यावर आयात शुल्क, त्यावर जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा माझ्या शेवटच्या दोन बिलांत दिसला. शिवाय अशा मॉडेलच्या गाड्या मुळात कमी विकलेल्या, त्यामुळे आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखा पुण्याच्या नाना पेठेत किंवा जवळच्या दुकानात पार्ट शेल्फवर पडून नसतो.

गाडी शोधण्याआधी मी गॅरेज शोधलं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आपल्या गावात, किंवा टो करून नेता येईल एवढ्या अंतरावर, त्या विशिष्ट कंपनीचा स्कॅनर असलेलं आणि त्या इंजिनावर हात बसलेलं स्वतंत्र गॅरेज नसेल, तर अशी गाडी घेऊच नये. नाशिकमध्ये अंबडच्या बाजूला असं एक गॅरेज आहे. मालक स्वतः अंगावर डांगरी चढवून काम करतात. पूर्वी एका अधिकृत वर्कशॉपमध्ये फोरमन होते. मी त्यांना सरळ विचारलं, "दादा, या मॉडेलच्या किती गाड्या तुमच्याकडे येतात, आणि त्यांना काय काय लागतं?" त्यांनी कागद ओढला आणि न थांबता लिहायला लागले: मागचे एअर बलून, पुढचे लोअर आर्म, ऑइल फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग, क्रँक पुली, कूलंटची टाकी, बॅटरी. त्या कागदापुढे भाव मागून घेतले आणि साडेतीन लाखांचा आकडा तिथून आला. आज तो कागद आणि माझी बिलं शेजारी ठेवली तर त्यात फक्त टायर, ब्रेक डिस्क आणि गिअरबॉक्सचं ऑइल नव्हतं. तेवढं त्यांनी गृहीतच धरलं होतं.

दिल्ली पासिंगच्या गाड्या मला चार-चार लाखांनी स्वस्त मिळत होत्या. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली, आणि तेव्हापासून तिथल्या आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या देशभर पसरल्या. पण वर्षभरापेक्षा जास्त काळ इथे वापरायची तर तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि नवा एमएच नंबर आला. तो टॅक्स तुम्ही केलेल्या सौद्यावर लागत नाही, गाडीची मूळ किंमत आणि वय बघून काढतात. चारातले बरेच पैसे तिथेच जातात. आणि गाडीचा आधीचा इतिहास तपासायला दिल्लीला कोण जाणार? मी महाराष्ट्रातलीच, एका मालकाची, सगळ्या सर्व्हिसची बिलं असलेली गाडी हवी म्हणून थांबले.

गाडी मिळाली एका डॉक्टरांकडे. त्यांनी 19 लाख 25 हजार सांगितले होते. मी त्यांना दोन अटी सांगितल्या. आमच्या गॅरेजला तपासणी होईल, फी 5 हजार मी देईन. आणि मी येईपर्यंत त्या सकाळी गाडी चालू करायची नाही. गार इंजिन पहिल्यांदा चालू होताना जे आवाज करतं ते गरम झाल्यावर करत नाही. टायमिंग चेन सैल असेल तर त्या पहिल्या काही सेकंदांत खडखड ऐकू येते, इंजेक्टर थकलेला असेल तर गाडी थरथरते, धूर दिसतो. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं.

तपासणीला जवळजवळ अर्धा दिवस लागला, आणि त्यात मी शिकलेल्या गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत. सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढला. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, आणि सीटखालच्या पट्ट्यांना, बोल्टला गंज दिसतो. 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापूर-सांगलीला, 2021 मध्ये चिपळूणला पूर आला, त्यात बुडालेल्या गाड्या वर्कशॉपमधून धुऊनपुसून बाजारात आल्याच असणार. रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा आला की तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय. उजव्या मागच्या दारावर आकडा वाढला, डॉक्टरांनी त्या क्लेमचं बिल काढून दाखवलं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे 1117 होतं, म्हणजे 2017 सालच्या अकराव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर सहा वर्षांचं.

स्कॅनर लावणं म्हणजे फक्त लाल दिवे वाचणं असं अनेकांना वाटतं. दिवे तर विकणारा आदल्या रात्री घालवू शकतो. आमच्या दादांनी बघितलं ते वेगळंच: किलोमीटरची नोंद. बऱ्याच जर्मन गाड्यांत ती फक्त मीटरमध्ये नसते, किल्लीत असते, आणखी एक-दोन कंट्रोल युनिटमध्ये असते. मीटर मागे फिरवणारा प्रत्येक ठिकाणची नोंद बदलतोच असं नाही. इथे सगळीकडे आकडे जुळले, बिलांवरच्या आकड्यांशीही जुळले. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, हे तिन्ही 78 हजारांना शोभतील एवढेच झिजलेले होते.

दोष निघाले ते कागदावर आले. ऑइल फिल्टर हाउसिंगखाली ओल, पुढच्या लोअर आर्मच्या बुशांना (रबरी जोडांना) चिरा, चारही टायर म्हातारे, पुढच्या ब्रेक डिस्कला कड आलेली. प्रत्येकापुढे दादांचा अंदाज. तो कागद मी डॉक्टरांपुढे ठेवला, घासाघीस फारशी करावी लागली नाही, आणि सौदा साडेसतरावर आला. पाच हजारांच्या तपासणीने पावणेदोन लाख वाचवले. ही फी वाचवणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

आता खर्चाकडे येते. पहिल्या महिन्यात ज्या गोष्टी ठरवूनच केल्या त्यांत सगळ्यात मोलाची म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल. कंपनीच्या पुस्तकात ते आयुष्यभरासाठी भरलेलं असतं, बदलायचा उल्लेखच नाही. पण हा आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः म्हणते की 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यात ऑइल बदला. आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य, हा प्रश्न दुसऱ्या मालकाने विचारायलाच हवा. पहिल्या मालकाच्या हातात गाडी असेपर्यंत त्या ऑइलला काही होत नाही. या बॉक्सची खालची ट्रे प्लॅस्टिकची असते, फिल्टर तिच्यातच असतो, म्हणून ट्रे अख्खी बदलायची. आणि ऑइलची पातळी मोजताना ते साधारण 30 ते 50 अंशांच्या मध्ये असावं लागतं, म्हणून स्कॅनरवर तापमान बघत भरायचं. साधं भरून प्लग लावणाऱ्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नये. 48 हजार लागले. बॉक्स बदलायची वेळ आली असती तर किती, ते विचारूनही ठेवलं होतं: दुसऱ्या गाडीतून काढलेला, काढीव माल घेतला तरी तीन लाखांच्या खाली नाही. सोबत पुढच्या डिस्क आणि पॅड, 52 हजार. लोअर आर्म आणि बुश, 64 हजार. नाशिकच्या मुंबई नाक्यापासून द्वारका चौकापर्यंतचे खड्डे जोवर आहेत तोवर बुश हा खर्च परत येणार, हे मान्य करून टाकलंय.

ऑइल फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग हे या गाड्यांचं उत्तम उदाहरण. पॅकिंगची किंमत हजार रुपये. तिथवर पोचायला वरचा मॅनिफोल्ड आणि बरंच काही उतरवावं लागतं, त्याची मजुरी 14 हजार. बिल बघून कुणालाही वाटेल की लुटलं, पण मी दिवसभर तिथे बसून ते काम पाहिलं आहे. हात घालायला जागा नसलेल्या ठिकाणी ते पॅकिंग आहे. या गाड्यांत पार्टपेक्षा त्या पार्टपर्यंतचा रस्ता महाग असतो. काही इंजिनांत तर टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असते, तिथे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय चेनला हात लागत नाही. घेण्याआधी आपल्या इंजिनाची चेन कुठल्या बाजूला आहे हे माहीत असावं.

एअर सस्पेन्शनबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. मागच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे हवा भरलेले फुगे असतात, गॅरेजच्या भाषेत बलून. माणसं बसली, सामान भरलं की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा सपाट होते. पहिल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी पार्किंगमध्ये गाडी मागून डावीकडे बसलेली दिसली. चाकाची वरची कड चाकाच्या कमानीत गेलेली. चालू केली की मागून घरघर व्हायची आणि दोन मिनिटांत गाडी वर यायची, दिवसभर ठीक. पुष्कळ लोक इथेच सोडून देतात, वर येतेय ना, मग चालू दे.

दादांनी गाडी लिफ्टवर घेतली, तेव्हा बलूनवर भार नव्हता म्हणून काही दिसेना. मग खाली उतरवून, चाक काढून, जॅकने आर्म वर दाबला आणि साबणाचं पाणी फवारलं. बलूनचं रबर जिथे स्वतःवर दुमडतं, त्या घडीत बारीक चिरा होत्या, केसासारख्या. तिथून बुडबुडे यायला लागले, आधी एक-एक, मग ओळीने. "ताई, हे बघा," त्यांनी बॅटरीचा झोत धरला, "एवढ्याशा भोकासाठी वरचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस राबतोय. तो जळला की बलूनच्या तिप्पट." त्यांनी कॉम्प्रेसरचा दाब मोजला, तोही उतरलेला निघाला. मग दोन्ही बलून, कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले, सगळं एकदम केलं. एकच बलून बदलला असता तर त्याच वयाचा उजवा वर्षभरात गेला असता.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचं कोटेशन 2 लाख 60 हजारांचं होतं. आमच्याकडे 1 लाख 12 हजारांत झालं. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. गाडीची कंपनी बलून स्वतः बनवत नाही. ती ज्यांच्याकडून घेते तीच पुरवठादार कंपनी तोच पार्ट स्वतःच्या खोक्यातही विकते. सस्पेन्शनचे आर्म लेमफोर्डरचे, शॉक सॅक्सचे, फिल्टर मान किंवा माहलेचे, सेन्सर बॉशचे, असं. अनेकदा पार्टवरचा गाडीच्या कंपनीचा शिक्का घासून काढलेला स्पष्ट दिसतो. या मालाला गॅरेजवाले ओईएम म्हणतात आणि तोच घ्यावा. त्याच्या खाली तिसऱ्या दर्जाचा माल असतो, दिसायला सारखा, निम्म्या भावाचा. तो बलूनमध्ये घेऊच नये. आणि काढीव माल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत मिळणारा, तो फक्त पत्र्याचे भाग, हेडलाइट, काच, सीट अशांसाठी. काढीव रबर म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत म्हातारं झालेलं रबर.

काही जण बलून काढून साधी स्प्रिंग बसवून देतात, 40-50 हजारांत. मला तो सल्ला मिळाला होता आणि मी ठाम नकार दिला. मीटरवर इशारा कायमचा पेटतो, तो मग सॉफ्टवेअरने झाकायचा, मागे तीन माणसं आणि सामान भरलं की गाडी मागून बसते, आणि ज्या चालीसाठी ही गाडी घेतली ती चालच जाते. तेवढे पैसे नसतील तर बलूनची गाडी सोडून स्प्रिंगची गाडी घ्यावी, अशा गाड्याही मिळतात.

क्रँक पुलीबद्दल थोडक्यात, कारण हा खर्च फार कमी जणांना माहीत असतो. इंजिनाच्या पुढच्या पुलीत दोन लोखंडी कड्यांच्या मध्ये रबराचा थर असतो. तो वयाने तडकतो. वेळेत बदलली तर 36 हजार, आणि तुटेपर्यंत थांबलात तर पट्टा फाटून त्याचे धागे क्रँकच्या सीलमधून इंजिनात शिरू शकतात. मग किती, हे लिहवत नाही. आमची तडकायला लागल्याचं सर्व्हिसिंगच्या वेळी दिसलं आणि तिथल्या तिथे बदलली. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅट आणि दोन प्लॅस्टिकचे पाइप, 38 हजार. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक इतकं ठिसूळ झालं होतं की काढताना हातात तुकडे आले. बॅटरी 32 हजार. मोठी, एजीएम प्रकारची, डिकीखाली असते, आणि नवी लावल्यावर स्कॅनरने गाडीला तसं कळवावं लागतं, नाहीतर गाडी जुनी समजून चार्ज करत राहते.

टायर, चार मिळून 1 लाख 28 हजार. हे रन-फ्लॅट आहेत, पंक्चर झाल्यावरही ताशी 80 च्या वेगाने साधारण 80 किलोमीटर जातात, म्हणून गाडीत स्टेपनी नाही. खर्च मोठा आहे पण इथे मी काटकसर करणार नाही. उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर 120 ने जाताना टायर फुटणं म्हणजे काय ते आपण सगळ्यांनी बातम्यांत वाचलं आहे.

सनरूफवाल्या प्रत्येकाला एक विनंती. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. वडा-पिंपळाखाली गाडी लावली की त्यात कचरा बसतो, पाणी आत शिरतं आणि कार्पेटखाली साचतं. तिथेच, सीटखाली किंवा डिकीच्या बाजूला, इलेक्ट्रॉनिक युनिटं असतात, एकेकाची किंमत लाखाच्या घरात. मे महिन्यात त्या नळ्या साफ करून घ्यायला आमच्याकडे 800 रुपये लागतात. गेली दोन वर्षं मी हे न चुकता करते. तसंच उंदीर. आठवडा आठवडा उभ्या राहणाऱ्या गाडीत वायर कुरतडल्या गेल्या तर हार्नेसचं काम फार किचकट असतं, म्हणून गाडी दोन-तीन दिवसांआड हलवावी.

विम्याबाबत एवढंच. पाच वर्षांपुढच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, सहज मिळत नाही, आणि त्याशिवाय क्लेम केला तर रबर-प्लॅस्टिकच्या पार्टवर 50 टक्के कपात होते. बंपर प्लॅस्टिकचा असतो, हे लक्षात घ्या. दहा वर्षं उलटल्यावर पत्र्याच्या भागांवरही निम्मी कपात. गाडी नावावर झाली की 14 दिवसांत विमाही नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीसोबत येत नाही, तो माणसाचा असतो, म्हणून माझ्या जुन्या गाडीचा मी इकडे वळवून घेतला.

गॅरेजबद्दलही प्रामाणिकपणे लिहायला हवं. काम उत्तम. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत देतात, बिलावर पार्ट नंबर असतो, काम वाढणार असेल तर आधी फोटो पाठवून विचारतात, आणि माझ्याशीच बोलतात. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं. काही ठिकाणी गाडी माझी, पैसे माझे, आणि बोलणं सोबत आलेल्या भावाशी, असा अनुभव आला, तिथे मी परत गेले नाही. उणी बाजू म्हणजे वेळ. पार्ट मुंबईहून किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटहून येईपर्यंत गाडी लिफ्टवर उघडी पडून राहते, कधी आठ-दहा दिवस. रोज कामावर जायला हीच एक गाडी असेल तर हाल होतील. माझी जुनी हॅचबॅक मी म्हणूनच विकली नाही.

आता, 21 लाखांत नवी गाडी सोडून हीच का. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि माहेर नागपूरला. आधीच्या गाडीत तिला नाशिकला आणायचं म्हणजे वाटेत दोन ठिकाणी आडवं व्हायची सोय बघावी लागायची. या गाडीत ती नागपूरहून नाशिक जिल्ह्यातल्या भरवीरपर्यंत समृद्धीने बसून आली. जेवायला थांबलो तेवढंच. उतरल्यावर स्वतःच्या पायांनी जिना चढली. सीटची लांबी, मांड्यांखालचा आधार, काँक्रीटच्या जोडांवरून जाताना न येणारे दणके, आत बसून हळू आवाजात बोलता येईल इतकी शांतता, या गोष्टी 21 लाखांच्या नव्या गाडीत मी शोधल्या, सगळ्या चालवून पाहिल्या, आणि मिळाल्या नाहीत. कसारा घाटात भरलेल्या गाडीनिशी ट्रक ओलांडताना इंजिनाला श्वास लागत नाही. हायवेला ॲव्हरेज 13-14 देते, एवढ्या वजनाला मला ते चांगलं वाटतं.

पण ज्यांचा वापर घर ते ऑफिस पाच-सात किलोमीटरचा, तोही शहरात, त्यांनी हे डिझेल घेऊ नये. धूर गाळणाऱ्या डीपीएफला मधूनमधून लांबची, गरम धाव लागते, ती मिळाली नाही की तो चोंदतो आणि मोठा खर्च निघतो. त्यांनी पेट्रोल बघावं. आणि गाडीचे सगळे पैसे कर्जाचे असतील, हप्ता भरून महिन्याला काही उरत नसेल, तर कुठलीच जुनी लक्झरी गाडी घेऊ नये. पहिल्याच बलूनला ती घराबाहेर कव्हर घालून उभी राहते. आमच्याच कॉलनीत अशी एक उभी आहे.

2029 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील, तेव्हा आरटीओत पुन्हा पासिंग, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचं नूतनीकरण करावं लागेल. तोवर ठेवायचा विचार पक्का आहे. वेगळ्या खात्यात सध्या सव्वा लाख शिल्लक आहेत. पुढचा खर्च समोरच्या दोन्ही शॉकचा, दादांनी डाव्या बाजूला ऑइलची ओल दाखवून ठेवली आहे. सॅक्सच्या जोडीचं कोटेशन मजुरीसह 74 हजारांचं आलंय, दिवाळीआधी काम करून घेणार आहे.